एक नंबरचं बटण

जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'नेटवर्क स्ट्रीमर, चालू स्थितीत, जपून वापरलेला.' 'जपून' टाइप करताना मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर वरचा ओठ पुन्हा उलला, कारण तो नुकताच कुठे भरून येत होता. सर त्या यंत्राला जपायचे यात खोटं काही नव्हतं. सर म्हणजे माझा नवरा. बुलढाण्यातल्या एका कॉलेजात शिकवायचा, अख्खी कॉलनी त्याला सर म्हणायची, लग्नानंतर मीही म्हणायला लागले. यंत्रावर धूळ बसली तर तो चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसायचा. माझ्या तोंडाचं रक्त पुसायला मोरीतलं फडकं होतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बसायच्या पाटाएवढी एक सपाट काळी पेटी. मागून इंटरनेटची वायर आत जाते. पेटी इंटरनेटवरून गाणी ओढते, स्वच्छ करते आणि पुढे अॅम्प्लिफायरकडे पाठवते. तिला स्वतःचा आवाज नाही. त्यासाठी अॅम्प्लिफायर वेगळा, आणि माझ्या छातीइतके उंच लाकडी स्पीकर वेगळे. आमच्या पुढच्या खोलीत बुटक्या लाकडी कपाटावर ही पेटी, आजूबाजूला बाकीचं सगळं मांडलेलं होतं आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. एकच. दुसऱ्या माणसाने बसायचं कुठे, हा प्रश्न सरांना कधी पडला नाही. पेटीच्या तोंडावर पाच बटणं होती. एकेका बटणाला गाण्यांची एकेक यादी बांधून ठेवता यायची, तीही आवाज किती मोठा त्यासकट. बटण दाबलं की ती यादी, त्याच आवाजात.

दोन ते पाच नंबरची बटणं सरांच्या ऐकण्याची. सकाळचे राग, संध्याकाळचे राग, सतार, आणखी काय काय. तेव्हा आवाज एवढा बारीक असायचा की भांडं घासायची चोरी. मोठ्यानं गाणी वाजवतात ती वरातीतली माणसं, असं ते म्हणायचे. एक नंबरचं बटण माझं होतं. त्यावर नुसता पखवाज, आणि आवाज जवळजवळ शेवटापर्यंत.

त्यांची एक पद्धत होती. आधी खिडकी लावायची. मग हातातलं घड्याळ काढून टीपॉयवर ठेवायचं, पट्टा सरळ करून. मग एक नंबर. पखवाज सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि मग माझी पाळी. निमित्त काहीही. वरणात मीठ. ड्युटीवरून यायला उशीर. एकदा त्यांच्या पुण्याच्या मित्रासमोर मी 'मले नाही जमत' म्हणाले, तर मित्राला स्टँडवर सोडून आले आणि घड्याळ काढलं. स्वतः मूळचे मलकापूरचे हो! पण चार वर्षं पुण्यात शिकून आले आणि तेव्हापासून आमची बोली त्यांना टोचायची. त्या दिवशी माझ्या डाव्या हाताची करंगळी मोडली. ती अजून वाकडीच आहे. यादी संपेपर्यंत मारायचे असंही नाही. बहुतेक वेळा पहिला तुकडा संपायच्या आत दमायचे. शिकवणारा माणूस, दम असून असून किती असणार. मग आवाज कमी करायचे, घड्याळ घालायचे आणि म्हणायचे, "जेवायला वाढ."

आता तुम्ही म्हणाल, बाई बिचारी असेल, गरीब गाय असेल. छट्! मी एस.टी.त कंडक्टर आहे. बुलढाणा ते लोणार, चिखली-मेहकरवरून. माहेर साखरखेर्ड्याजवळचं, बाप भाजीपाला लावायचा. परकर नेसायच्या वयापासून बाजारात बसून वांगी-मेथी ओरडून विकली आहे मी. गाडीत माझा आवाज पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत जातो, मधल्या कोंबड्यांसकट सगळे गप्प होतात. एकदा चिखलीच्या पुढे एका दारुड्याने एका पोरीच्या अंगावर हात टाकला. मी बेल मारली, गाडी उभी केली, त्याच्या कानाखाली दोन दिल्या, गचांडी धरली आणि माळावर उतरवला. वर त्याची पिशवी फेकली. डेपोत मला वाघीण म्हणतात. आणि ही वाघीण संध्याकाळी घरी येऊन पखवाजाच्या आवाजात मार खायची. अकरा वर्षं.

का? मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. खरं उत्तर एकच, लाज. डेपोत कळलं तर? ज्या दारुड्यांना मी उतरवते त्यांना कळलं तर? उद्या एखादा म्हणेल, 'घरी हाणून घेते अन् आमाले दादागिरी करते बे.' म्हणून मी पखवाजाच्या वर आवाज जाऊ द्यायची नाही. ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबायची. करंगळी मोडली तेव्हासुद्धा कोंबली होती. डेपोत सांगितलं, गाडीच्या दारात बोट सापडलं. सगळ्यांनी दाराला शिव्या घातल्या. तेव्हा खरं सांगायचं तर तो पखवाज मलाही हवा होता. तो सरांना झाकायचा तसा मलाही झाकायचा. आमच्या दोघांची मिळून एवढी एकच वस्तू घरात होती.

मग मागच्या हिवाळ्यात सरांना पुण्याला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचं आलं. जायच्या आदल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट बॅगेत घडी मोडून ठेवला म्हणून एक नंबर लागला. ओठ फाटला आणि एक दाढ हलायला लागली. दुसऱ्या दिवशी ते गेले. मी रिकाम्या घरात त्या पेटीसमोर उभी राहिले आणि जिभेने ती दाढ हलवत विचार केला. हा माणूस मला भीत नाही. देवाला भीत नाही. पण लोकांना भितो. शेजारी काय म्हणतील, कॉलेजात काय म्हणतील, याला तो एवढा भितो की कचऱ्याची पिशवीसुद्धा चांगल्या दुकानाची वापरतो. पेटीच नसेल तर आवाज झाकणार कशाने? नुसत्या शांततेत त्याचा हात उठायचा नाही. पेटी गेली की मार थांबेल. एवढं साधं गणित होतं माझं. मी अकरा वर्षं उगाच त्याच्या हाताकडे पाहत बसले, पेटीकडे पाहायला पाहिजे होतं, असं वाटून मला स्वतःचाच राग आला.

तीन दिवसांनी फोटो काढले, मागचं लेबल बघून नाव-नंबर उतरवला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. फोन यायला लागले. एक म्हणाला, "बाई, याच्यावर क्रिकेट दिसते का?" दुसरा वरातीला साउंड भाड्याने देणारा निघाला. विचारतो, "बेस किती मारते?" मी म्हटलं, "मारते रे बाबा, लय मारते." तिसऱ्याने अर्धा तास डोकं खाल्लं आणि शेवटी म्हणाला, पेटीबरोबर स्पीकर फुकट द्याल का. त्याला मी गाडीतल्या आवाजात असं काही सुनावलं की पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला.

चौथा फोन लोणारहून. बँकेतून रिटायर झालेले एक काका. त्यांच्याकडे अॅम्प्लिफायर होता, स्पीकर होते, फक्त ही पेटी नव्हती, आणि नवी घ्यायला बायको देत नव्हती. बोलणं मऊ. म्हणाले, "भाव तुम्ही म्हणसान तो, पण एकदा वाजवून पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पेटी गुंडाळायला जाड टॉवेल घरूनच आणलेला. दारात मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अवो, तुमी तर लोणार गाडीच्या मॅडम! त्या दिवशी त्या बेवड्याले उतरवला ना तुमी, मी मागच्या सीटवरच होतो. घरी जाऊन बायकोले सांगितलं, अशी बाई पायजे."

मला बरं वाटलं. माणसाला बरं वाटतं असल्या गोष्टींनी. त्यांना त्या एकाच खुर्चीत बसवलं, पेटी चालू करून दिली आणि चहा ठेवायला आत गेले. ते बाहेरून कौतुक करत होते, काय वजन आहे, काय फिनिशिंग आहे. मी कपबशा ट्रेमध्ये घेऊन खोलीत आले आणि त्याच वेळी काकांनी, कुणीही दाबेल तसं, पहिलं बटण दाबलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं, की मी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उकिडवी बसलेली होते, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढे. गरम चहा पायावर सांडलेला. कपाच्या खापऱ्या सगळीकडे. ओढणी तोंडात होती. ती कधी कोंबली मला ठाऊक नाही. पखवाज वाजत होता आणि मी पहिल्या फटक्याची वाट पाहत होते.

काकांनी धडपडत बटण बंद केलं. ते माझ्याकडे पाहत होते, मग त्यांनी मान खाली घातली आणि खापऱ्या वेचायला लागले. एक एक करून ट्रेमध्ये ठेवल्या. शेवटची ठेवून म्हणाले, "बाई, मी काई पायलं नाही."

त्या वाक्याने माझ्या डोक्यात जी तिडीक उठली! मी ओढणी तोंडातून ओढून काढली. "काऊन नाही पायलं? डोळे हायत ना? पाहा ना नीट!"

चांगला माणूस होता, माझी लाज राखत होता, पण मला त्या वेळी त्याच्या चांगुलपणाचाच संताप आला. मग मनात दुसरंच आलं. हा पखवाज खोलीत असा वाजतो, हे मला माहीत होतं. बाहेर कसा वाजतो, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कशी? तो वाजायचा तेव्हा मी आत असायचे. बाहेर नुसतं गाणं ऐकू येतं, दुसरं काही नाही, यावर मी अकरा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

"काका," मी म्हटलं, "तेच बटण पुन्हा दाबा. मी बाहेर जाऊन ऐकते. हात केल्याशिवाय बंद करू नका."

मी अंगणात येऊन फाटकाजवळ उभी राहिले. आमची कॉलनी म्हणजे सरकारी नोकरदारांची घरं, समोरासमोर दोन रांगा, मध्ये अरुंद रस्ता. उजव्या हाताच्या घरातल्या काकू ओट्यावर उन्हात सुपात तुरी निवडत होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं, हिवाळ्यात त्या ओट्यावरून सहसा उठायच्या नाहीत. समोरची वकिलीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिची मुलगी खाली सायकल फिरवत होती.

आतून पखवाज सुरू झाला.

काकूंनी मान वर केली नाही. सूप उचललं, भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. आमच्या बाजूची त्यांची खिडकी लागली, खालची कडी आणि वरचीही. वकिलीणबाईने हातातला ओला शर्ट बादलीत टाकला आणि वरूनच पोरीला हाक मारली, "आत ये, टीव्ही लाव." पोरगी सायकल तिथेच आडवी टाकून पळाली. त्यांच्याकडचा टीव्ही मोठा झाला. पलीकडच्या घराची खिडकी लागली. त्याच्या पलीकडच्या घराची लागली. कोणी दचकलं नाही, कोणी बावरलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. पाऊस आल्यावर कपडे काढावेत तसं सगळं बिनबोभाट झालं. मिनिटाभरात रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी एकटी फाटकाला धरून उभी.

वकिलीणबाई शेवटचं दार लावायला आली तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं, जिथून पखवाज येत होता, मग पुन्हा मला. ती एवढी गोंधळली की दार लावायचं विसरली. पखवाज वाजतो आहे आणि बाई बाहेर उभी, तर मग आत कोणाला मारून राह्यले, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी तिला हात केला. तिने दार लावलं.

तर हे असं होतं. सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून, देव जाणे. सकाळी मी दूध घ्यायला निघाले की काकू म्हणायच्या, "बाई, आज लवकर का?" आणि माझ्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहायच्या नाहीत. मला वाटायचं, पावडर बरी लागली आहे. माझी सगळी लाज, तो ओढणीचा बोळा, ते गाडीचं दार, सगळं फुकट गेलं. मी कोणापासून लपवत होते? आणि हेही त्याच क्षणी कळलं की माझं गणित चुकलं आहे. सर लोकांना भितात, पण लोक तर खिडक्या लावतात. पेटी विकून काही होणार नव्हतं.

तरी मी विकली. आत गेले, वायरी स्वतः उपटल्या, पेटी काकांच्या टॉवेलमध्ये घातली. ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांले माहीत हाय ना?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मंग मी निंगतोच. साडेतीनची गाडी भेटन." आणि तो चांगला माणूस पेटी पोटाशी धरून जवळजवळ पळतच स्टँडकडे गेला.

मी सरळ काकूंच्या दारात. त्यांनी उघडलं.

"काकू, भर दुपारी खिडकी काऊन लावली?"

"मच्छर येतात बाई."

"दुपारच्या उन्हात?"

त्या पदराने तोंड पुसायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुह्यासाठीच लावतो बाई आमी. तुले वाटू नये, लोकायनं ऐकलं म्हून. तू येवढी मानाची बाई, कंडक्टर. सकाळी तुले आमच्याकडं मान वर करून पाहता आलं पायजे."

मायेनं बोलत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. माझे हात मात्र त्यांचा गळा धरायला शिवशिवत होते. मी घरी आले आणि ती दाढ बोटांनी धरून उपटून टाकली. दुखलं. दुखू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून फोन आला. माझ्याकडून एक चूक राहून गेली होती. पेटी विकायची तर आधी तिच्यातलं जुन्या मालकाचं खातं पुसायचं असतं, हे मला कुठलं माहीत? लोणारचे काका सरांच्याच खात्यावर गाणी ऐकत बसले होते, आणि एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं.

"मी इथे हेडफोन घालून बसलोय आणि गाणं मधेच बंद पडतंय," सर म्हणाले. आवाज थंड. "दुसऱ्या यंत्रावर वाजतंय असं लिहून येतंय. तू हात लावलास?"

लाईट गेली, उंदराने वायर खाल्ली, काहीही सांगता आलं असतं. पण मला कंटाळा आला होता. "मी नाही लावला. ज्यानं घेतलं तो लावून राह्यला. विकलं मी ते."

मग, "मी येतो." फोन बंद.

पळून जायचं मनात आलं नाही असं नाही. पण घर माझ्या पगारातून उभं राहिलेलं, माझ्या नावावरचं. आणि आता पळून जायचं कोणापासून, सगळ्यांना तर ठाऊक होतं. मी रजा टाकली. सकाळी आंघोळ केली, वेणी घट्ट घातली आणि सरांच्या खुर्चीत जाऊन बसले. मार बसणार हे मला माहीत होतं. तो कसा थांबवायचा, एवढं एकच माहीत नव्हतं.

नवाच्या सुमारास ते आले. बॅग ठेवली, पाय धुतले, कपाटावरची रिकामी जागा पाहिली. धुळीत पेटीचा चौकोन उमटलेला होता. खिडकी लावली. घड्याळ काढलं, टीपॉयवर ठेवलं, पट्टा सरळ केला. आणि मग त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं, जिथे एक नंबर असायचा तिथे, आणि नुसत्या लाकडावर टेकलं. क्षणभर ते तसेच उभे. मग वळले आणि मला चपराक मारली.

फाट्!

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. मार माहीत होता, आवाज माहीत नव्हता. माझ्या स्वतःच्या गालाचा आवाज. अख्ख्या घरात घुमला. सरांनीही ऐकला असणार, कारण त्यांचा हात हवेतच थांबला, डोळे खिडकीकडे गेले आणि ते दबक्या आवाजात मला म्हणाले, "हळू."

मला म्हणाले, हळू! मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मारणारे ते, आणि हळू मी!

माझं डोकं फिरलं. आजवर मी त्यांना अहो-जाहो केलं होतं. उठले, शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि म्हटलं, "चाल बे बाहेर." त्यांनी माझ्या नाकावर ठोसा मारला. रक्त ओठावर आलं, गरम. मी सोडलं नाही. त्यांनी केस धरले, वेणी पिळली, गुडघा पोटात घातला. खुर्ची आडवी झाली, टीपॉय उलटला. मी त्यांना दारापर्यंत ओढलं, चौकटीला त्यांचा खांदा आपटला, पायरीवरून खाली ओढलं, फाटकातून बाहेर काढलं आणि रस्त्यावर पाडलं. छातीवर गुडघा दिला. चष्मा पहिल्याच ठोशात फुटला, काच माझ्या बोटांत घुसली. मारत गेले. एक मिठाचा, एक शर्टाचा, एक करंगळीचा. मोजून नाही मारले, आठवेल तसे मारले. आणि ओरडले, सगळा बाजार ऐकेल एवढी ओरडले. ते खालून "वाचवा, वाचवा" करत होते.

आणि दारं उघडली.

सगळी. एकदम. वकीलसाहेब अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला तसाच, धावत आले. वकिलीणबाई कणकेच्या हातांनी. पलीकडच्या घरातले दोघे भाऊ, त्याच्या पलीकडचे मास्तर. "अवो सोडा सरले! मरतीन ना ते!" दोघांनी माझे दंड धरले, एकाने कमरेला विळखा घातला. कोणी पाणी आणलं, सरांसाठी. कोणी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. वकीलसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या बाईनं असं करावं का? लोकं पाहून राह्यले."

सरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून ते मलकापूरला गेले ते पुन्हा या घरात आले नाहीत, बाकीचं कोर्टात चालू आहे. माझ्यावर त्यानंतर कोणाचा हात उठलेला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी रिक्षा गेली, माणसं पांगली, आणि काकू राहिल्या. माझं मनगट त्यांनी धरून ठेवलं होतं. पहिल्यांदा त्यांनीच धरलं होतं, सगळ्यांच्या आधी. पायात चप्पल नाही, पदर घसरलेला, धाप लागलेली. पदराच्या टोकाने माझ्या बोटांतलं रक्त पुसत होत्या आणि रडत होत्या.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या ओट्यापासून इथवर यायले तुमाले किती वेळ लागला?"

त्यांना आधी कळलं नाही. म्हणाल्या, "लय पळाली मी बाई. एक मिनिट नसन लागला."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना कळलं, आणि त्यांनी माझा हात सोडला.